चौथ्या कडव्याआधीचं आमेन

सोमवार, ३ जून

धाकट्यास,

प्रभू येशूच्या नावे सलाम.

हे पत्र मी कमिटीच्या सांगण्यावरून लिहितो आहे, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. नाहीतर तुला वाटायचं, अकरा वर्षांनी दादा नरमला. तसं काही नाही. सेक्रेटरी या क्षणी माझ्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलापलीकडे उभे आहेत आणि मी काय लिहितो ते उलट्या बाजूने वाचायची खटपट करताहेत. तू पुलापलीकडे राहतोस, चालत वीस मिनिटं, आणि मी पाकिटाला तिकीट चिकटवणार आहे. पण ठरावच तसा आहे. पोस्टाने पाठवलं की कमिटीला काहीतरी केल्यासारखं वाटतं.

तर विषय असा. आपले पाळकसाहेब वेदीवरचा दिवा बदलायला शिडीवर चढले. शिडी सुताराने धरली होती. तेवढ्यात मास्तरीणबाईंनी दारातून विचारलं, “चहा कोणाकोणाला?” आणि सुताराने हात वर केला. दोन्ही. पाळकसाहेबांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला आहे, आणि सुतार त्या दिवसापासून चहा पीत नाही.

त्यामुळे पुढचे चार रविवार उपासना मी चालवायची आहे. संदेशही मीच द्यायचा. कमिटीत सगळ्यात जुना मी, आवाज मोठा माझा, आणि पाळकसाहेबांचा झगा मीच शिवलेला असल्यामुळे तो मला होतो. एवढ्या तीन कारणांवर माझी निवड झाली.

आता ठराव. ऑर्गनची किल्ली परत करावी. तू गेलास त्या दिवसापासून ऑर्गनचं झाकण बंद आहे आणि वर फुलदाणी ठेवतात. गाणं मास्तरीणबाई उचलतात. त्या एवढ्या वर उचलतात, की दुसऱ्या ओळीला पुरुष गळतात आणि तिसऱ्या ओळीला त्या स्वतः. किल्ली साध्या पाकिटात घालून टाकलीस तरी चालेल. कोणी काही विचारणार नाही, असंही ठरावात आहे.

एवढंच. सेक्रेटरी म्हणतात, शेवट प्रेमाने कर. केला.

कमिटीच्या वतीने,
दादा


सोमवार, १० जून

धाकट्यास,

सलाम.

तुझं कार्ड मिळालं. “किल्ली माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. वहिनींना सलाम.” अकरा वर्षांनी सात शब्द, आणि त्यातले दोन तुझ्या वहिनीला. सेक्रेटरींनी कार्ड कमिटीत मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि “त्याचं मन अजून कठीणच आहे” असं इतिवृत्तात लिहून घेतलं. तू नेली नाहीस म्हणतोस तर नसशील नेली. मी वाद घालत नाही.

आजचं पत्र कमिटीचं नाही. माझंच आहे. कालची उपासना कशी झाली ते कोणाला तरी सांगायला हवं, आणि तुझी वहिनी म्हणते, मी तिथेच होते, मला पुन्हा नको.

वाचन होतं निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाचं. अहरोन महायाजक होणार म्हणून देव त्याचे कपडे कसे शिवायचे ते सांगतो. धाकट्या, मी हा अध्याय जन्मभर ऐकला होता, पण शिंपी म्हणून कधी ऐकला नव्हता! गळा उसवू नये म्हणून भोवती विणलेली पट्टी घालायला सांगितली आहे. देवाला गळपट्टीची काळजी आहे! खालच्या घेराला डाळिंबं आणि सोन्याच्या घंटा, एक डाळिंब, एक घंटा. मी टेप काढून दाखवलं, की एवढ्या घेराला किती बसतील आणि वजनाने कापड कसं ओढलं जाईल. मंडळी टक लावून ऐकत होती. एकाचीही चुळबुळ नाही. मला वाटलं, वा, हेच आपलं दान.

चाळीस मिनिटांनी कळलं, की मी सगळ्यांना गीतासाठी उठवलं होतं आणि “बसा” म्हणायलाच विसरलो होतो.

आपली मंडळी तुला ठाऊक आहे. चालवणाऱ्याने बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही, उठा म्हटल्याशिवाय उठायचं नाही, आणि आशीर्वाद झाल्याशिवाय दाराकडे बघायचंही नाही. आधीच्या पाळकांच्या वेळी वीज जाऊन पंखे बंद पडले, तरी कोणी हललं नव्हतं. काल पोस्टमास्तर एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. आजी, तीच ती सगळ्यांची आजी, पुढच्या बाकाला धरून उभी. शेवटी मी “बसा” म्हटलं तेव्हा सगळे एकदम असे बसले, की बाकांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

बाहेर पडताना आजी म्हणाली, “बरं बोललास. पण एक राहिलं. अहरोन थोरला होता ना? आणि कपडे करून घेतले ते धाकट्या मोशेने. म्हणजे त्यांचं बोलणं होतं एकमेकांशी.”

मी म्हटलं, “आजी, वेळ संपली होती.”

आज सकाळी दुकानात सहा पँटी, दोन झगे आणि एक फाटकी छत्री आली. सगळी मंडळीतूनच. संदेशाचा परिणाम झाला नाही असं कोणी म्हणू नये.

आणखी एक. आईच्या अंत्यविधीला मी “आमेन” थोडं लवकर म्हटलं असेन, हे शक्य आहे. गीत सात कडव्यांचं होतं आणि तू ते फारच संथ वाजवत होतास. तिसरं संपलं तेव्हा मला वाटलं, पुरे. हे मी आत्ता कबूल करत नाही, फक्त शक्य आहे एवढं म्हणतो.

दादा


सोमवार, १७ जून

धाकट्यास,

काल उधळ्या पुत्राचा दृष्टांत होता, तोच तो, धाकटा वाटणी उधळून परत येतो आणि बाप वासरू कापून मेजवानी देतो. वाचनांची यादी पाळकसाहेब वर्षाच्या सुरुवातीला करून मागच्या खोलीत चिकटवतात, त्यात माझा हात नाही.

मी ठरवलं, की या दृष्टांतात थोरल्यावर आजवर अन्याय झाला आहे, तो दूर करायचा. मी म्हटलं, मंडळी हो, धाकटा गेला, ठीक आहे, गेला. पण मागे शेत कोणी सांभाळलं? ते पुष्ट वासरू आपोआप पुष्ट झालं का? त्याला रोज चारा कोणी घातला? आणि मेजवानी सुरू झाली तरी थोरल्याला शेतावर बोलवायला एक माणूस पाठवला नाही! मी बराच तापलो होतो. पाळकसाहेबांच्या झग्याची बाही पाण्याच्या पेल्याला लागली आणि पेला मास्तरीणबाईंच्या गीतपुस्तकावर. त्यामुळे शेवटचं गीत त्यांनी आठवणीने उचललं, आणि आठवणीत ते आणखी वर होतं.

संपल्यावर पोस्टमास्तरांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, एखाद्याच्या घरी कोणी गेल्यावर दाबतात तसा.

घरी येताना तुझी वहिनी पुलाच्या कठड्यापर्यंत चालत गेली. तिथे थांबून म्हणाली, “बापाबद्दल एक वाक्य बोलला नाहीत तुम्ही.”

“थोरल्याची बाजू मांडायची होती.”

“मांडलीत. आता मला सांगा, गोष्ट संपते तेव्हा थोरला कुठे असतो?”

“अंगणात. बाप त्याला समजावत असतो.”

“मग आत जातो का?”

“ते लिहिलेलं नाही.”

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली. “उन्हात उभा आहे बिचारा. चला, पाय दुखले माझे.”

आणि मग पूल ओलांडायच्या ऐवजी घराकडे वळली. पुलापर्यंत यायचंच कशाला होतं, आमचं घर अलीकडे, हे मला आता लिहिताना सुचतंय.

त्या दिवसाबद्दल. मी आमेन म्हटलं तरी तू वाजवतच राहिलास. चौथं कडवं तू सुरू केलंस. तेव्हा मी ऑर्गनचं झाकण बंद केलं. तेही सावकाश. तुझी बोटं आत नव्हती.

दादा


मंगळवार, २५ जून

धाकट्यास,

तुझं दुसरं कार्ड आलं. “बोटं आत होती. करंगळी थंडीत अजून दुखते.” हे मी सेक्रेटरींना दाखवलं नाही.

होती. मला दिसत होती. हे लिहायला मी आज दुपारपासून तीन वेळा बसलो, आणि तीन वेळा उठून कोणाची तरी गुंडी लावली. झाकण मी सावकाशही बंद केलं नाही. तू घड्याळं दुरुस्त करतोस, महिनाभर तुला चिमटा धरता आला नसेल. आणि तू ओरडलाही नाहीस, फक्त माझ्याकडे बघितलंस, मग बोटं काढून घेतलीस आणि आईच्या शवपेटीशेजारून चालत बाहेर गेलास. लोक समजले, दुःखाने गेला.

का केलं, तेही सांगतो. आईला ते अख्खं गीत येत नव्हतं. फक्त चौथं कडवं येत होतं. दुकानात शिवणींवर इस्त्री फिरवताना ती तेवढंच म्हणायची, पुन्हा पुन्हा, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, गीत चौथ्यापासूनच सुरू होतं. त्या दिवशी तू चौथ्याचा पहिला सूर धरलास. आणखी एक ओळ झाली असती तर मी सगळ्यांसमोर लहान मुलासारखा रडलो असतो. मी पुढे उभा होतो, मला गीत चालवायचं होतं. मी रडायला नको म्हणून तुझी बोटं चिरडली. आता हे कागदावर बघताना मला माझीच लाज वाटते.

बाकी बातमी. गेल्या गुरुवारी तुझ्या वहिनीचं बिंग फुटलं. ती दर गुरुवारी डबा घेऊन आजारी मैत्रिणीला भेटायला जाते. अकरा वर्षं! कोणता आजार इतका चालतो, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. उलट मी त्या मैत्रिणीसाठी घरी प्रार्थना करायचो. अलीकडचे दोन रविवार तर मंडळीच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेतही तिला घेतलं, “आणि हे प्रभो, ती आमची भगिनी, जी दीर्घकाळ अंथरुणाला खिळून आहे.” मंडळी “आमेन” म्हणताना जरा जास्तच मोठ्याने म्हणते, असं मला वाटायचं.

गुरुवारी ती परत आली, मी डबा उचलून आत ठेवायला गेलो, तर आत चिठ्ठी. “वहिनी, मीठ कमी. बाकी उत्तम.” ते अक्षर थोड्याच दिवसांपूर्वी तुझ्या पहिल्या कार्डावर पाहिलं होतं.

मी म्हटलं, “अकरा वर्षं खोटं बोललीस?”

“एकदाही नाही,” ती म्हणाली. “मी म्हटलं होतं, एक दुखावलेलं माणूस आहे, त्याला बघायला जाते. आजार तुम्ही लावलात. मैत्रीण पण तुम्हीच केलीत.”

सगळ्या मंडळीला ठाऊक होतं म्हणे. म्हणजे दोन रविवार मी भर उपासनेत तुझ्यासाठी प्रार्थना करत होतो, आणि ते मी सोडून सगळ्यांना कळत होतं. तू बरा आहेस ना? मीठ आता नीट पडेल, मी सांगितलं आहे.

परवाच्या रविवारी योनाचं वाचन होतं. देव म्हणतो इकडे जा, आणि योना उलट्या दिशेचं जहाज पकडतो. मी नऊ मिनिटांत आटोपलं. लोकांना बरं वाटलं.

खरी अडचण पुढे आहे. मी उशिरा का होईना यादीत शेवटचा रविवार पाहिला. मत्तयाचा पाचवा अध्याय, आणि त्यातलंही नेमकं तेच वचन. तू वेदीपाशी अर्पण आणलंस, आणि तिथे तुला आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

मी तडक पाळकसाहेबांकडे गेलो. ते पाय उशीवर ठेवून बसले होते, प्लॅस्टरवर रविवारच्या शाळेतल्या मुलांनी मासे काढले आहेत. मी म्हटलं, “त्या दिवशी शौल बापाची हरवलेली गाढवं शोधायला जातो ते वाचलं तर? लोकांना प्राण्यांचं आवडतं.”

“यादी जानेवारीत लागली,” ते म्हणाले. “तेव्हा माझा पाय शाबूत होता. मी मुद्दाम काही केलेलं नाही.”

“पण सगळे माझ्याकडे बघतील.”

“बघतीलच. हे वचन मी या मंडळीला एकोणीस वर्षांत सहा वेळा समजावून सांगितलं. सगळ्यांना नीट समजलंय. तुम्हालाही.” मग पाय हलवून म्हणाले, “खाजतंय हो आत. दुकानात विणायची सुई असेल तर पाठवा.”

सुई पाठवली.

दादा


शनिवार, २९ जून

धाकट्या,

हे पत्र पोस्टात टाकलं तर तुला मंगळवारी मिळेल, म्हणून टाकत नाही. तरी लिहितो, कारण आता तुला लिहिल्याशिवाय मला संदेश सुचत नाही.

तीन संदेश तयार केले. पहिल्यात म्हटलं, की इथे भाऊ म्हणजे सख्खा भाऊ नव्हे, सगळी मानवजात. मानवजातीशी समेट करायला माझी केव्हाही तयारी आहे. दुसऱ्यात म्हटलं, की वेदी म्हणजे यरुशलेमेतली वेदी, ती आता नाही, तेव्हा प्रश्न मिटला. तिसरा सगळ्यात बळकट होता. आपल्याकडे दानार्पण संदेशानंतर होतं. म्हणजे संदेश देताना अर्पण अजून वेदीपाशी आलेलंच नसतं. म्हणजे चालवणाऱ्याला हे वचन लागू व्हायच्या आत तो बोलून मोकळा.

तिन्ही तुझ्या वहिनीला वाचून दाखवले. तिने कापड उलटं करून शिवण बघावी तसं माझ्याकडे बघितलं आणि कांदे चिरायला गेली.

मग मी वचन पुन्हा वाचलं, बोट ठेवून. धाकट्या, तू कधी नीट पाहिलंस का? तिथे असं नाही, की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. तिथे आहे, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. इतकी वर्षं मी ते उलट्या बाजूने वाचत आलो. मी स्वतःलाच विचारायचो, माझ्या मनात धाकट्याबद्दल काही आहे का? आणि मीच उत्तर द्यायचो, छे, मी मोठ्या मनाने त्याला केव्हाच माफ केलं. तुझ्या मनात काय असेल, हे विचारायचं मला सुचलंच नाही. बोटांबद्दल असेल. पण बोटांबद्दल तू अकरा वर्षं दूर राहणारा नाहीस. तू त्याहून मोठ्या मनाचा आहेस, लहानपणी मी तुझा दात पाडला होता तेव्हाही संध्याकाळपर्यंत विसरलास.

उद्यासाठी माझा लांब कोट इस्त्री करायला घेतला. झगा काढून पाळकसाहेबांकडे परत पाठवला, घामाचा वास मारायला लागला होता. कोटाचा विषय निघालाच आहे तर किल्लीबद्दल एक गोष्ट

तुझी वहिनी जेवायला बोलावते आहे. पान थंड होईल. राहू दे.


रविवार, ३० जून, पावणेबारा

धाकट्या,

हे मी मंडळीच्या सूचनांच्या कागदाच्या पाठीमागे लिहितोय, तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसून. कालचं पत्रही सोबत आहे. दार ठोठावलं, तू उघडलं नाहीस, ते बरोबरच आहे. आणि तू आत आहेस हे मला कळतंय. खालच्या फटीतून तुझ्या चपला दिसताहेत. तोंडाने बोलायला गेलो तर मी पुन्हा मध्येच आमेन म्हणून मोकळा होईन, म्हणून लिहूनच सरकवतो.

किल्ली मी घेतली होती. त्या दिवशी झाकण बंद केलं, किल्ली कुलपातच होती, ती फिरवून मी कोटाच्या खिशात टाकली. पुढच्या आठवड्यात कमिटीत विषय निघाला. मी खिसा चाचपला, तर रिकामा. मला खरंच वाटलं, मी ती तिथेच ठेवली असणार आणि तू परत येऊन नेलीस. मी म्हटलं, “धाकट्याकडेच असेल.” तेवढी चूक होती.

दोन वर्षांनी पोट सुटलं म्हणून तोच कोट सैल करायला उसवला. खिशाला आतून भोक. शिंप्याच्या खिशाला! आणि किल्ली घेराच्या दुमडीत, अस्तरात पडलेली. ती मी हातात घेतली, बघितली, आणि जिथे होती तिथेच ठेवून वरून पक्क्या दोऱ्याने दुहेरी टाके घातले. ही चूक नव्हती. तुला चोर ठरवून दोन वर्षं झाली होती आणि मी उभा राहून “मीच होतो” म्हणायला घाबरलो. नऊ वर्षं दर रविवारी मी गुडघे टेकले की ती फरशीवर टक्‌ करते. सगळ्यांना वाटतं, माझा गुडघा वाजतो.

आणि मग कमिटीच्या नावाने तुलाच पत्र लिहून किल्ली मागितली. सेक्रेटरी समोर होते, हे खरं. पण हात माझा होता.

आज वचन वाचलं. संदेशाचं पहिलं पान काढलं. मानवजातीचं. “प्रिय मंडळी हो,” म्हटलं. मी समोर बघितलं तर कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे ऑर्गनवरच्या फुलदाणीकडे बघत होते, मला संकोच वाटू नये म्हणून. तेव्हा मी खिशातली छोटी कात्री काढली, कोटाचा घेर वर धरला आणि तिथेच उभ्याउभ्या टाके उसवायला घेतले. माझेच टाके, इतके घट्ट, की दोन मिनिटं लागली. किल्ली फरशीवर पडली.

सेक्रेटरी म्हणाले, “ही कसली किल्ली?” त्यांना सगळं औपचारिक लागतं. मी सांगितलं कसली, आणि सगळंच सांगितलं, बोटांसकट. मास्तरीणबाई “अगं बाई” म्हणाल्या, आणि आज पहिल्यांदा खालच्या सुरात. मी सुताराकडे वळून म्हटलं, तुम्ही नऊ-दहा वेळा कमिटीत सांगितलंत, की कुलूप तोडलं तर लाकूड फुटेल. सुतार खाली बघून म्हणाला, “ते कुलूप मी केसातल्या आकड्यानेही उघडलं असतं, दादा. पण वाजवणार कोण होतं?”

मग मी म्हटलं, “बसून राहा. दानार्पण व्हायचं आहे. मी जाऊन येतो.” आणि मधल्या वाटेने चालत निघालो. तिसऱ्या बाकावरून तुझी वहिनी म्हणाली, “पुलावरून जा, बाजारातून नको. रविवारची गर्दी असते.”

मी तुझी माफी मागतो. बोटांसाठी, किल्लीसाठी, कमिटीत तुझ्या नावापुढे जे लिहिलं गेलं त्यासाठी, आणि सगळ्यात जास्त या नऊ वर्षांसाठी, जेव्हा मला ठाऊक होतं. सेक्रेटरी वही उघडून खोडायला बसले आहेत. तू माफ केलं नाहीस तर मी इथून उठून परत जाईन आणि मंडळीला तसं सांगेन. तो तुझा हक्क आहे.

फक्त एक लक्षात घे. आशीर्वाद अजून दिलेला नाही. तुला आपली मंडळी ठाऊक आहे. मी परत जाईपर्यंत त्यातलं एकही माणूस उठणार नाही. आजी आहे, पोस्टमास्तरांचे पाय आहेत, घराघरांतून चुलीवर काय काय राहिलं असेल. तेव्हा जे ठरवशील ते जरा लवकर ठरव.

किल्ली या कागदात गुंडाळली आहे. आलास, तर आईचं गीत वाजव. सातही कडवी, तुला हवं तितकं संथ. मी पुढे उभा राहीन. चौथ्याला मी रडायला लागेन. थांबू नकोस.

तुझा,
दादा